हंगामाच्या मध्यावर क्लबने लीग सोडली: झालेल्या सामन्यांचे गुण ठेवायचे की पुसायचे?

प्रश्न : साखळी_चिटणीस

नमस्कार. एका विभागीय हौशी फुटबॉल लीगचा मी मानद चिटणीस आहे. लीगमध्ये दहा संलग्न क्लब आहेत आणि प्रत्येक क्लब दुसऱ्या प्रत्येक क्लबाशी दोनदा खेळतो, म्हणजे हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला 18 सामने येतात आणि एकूण सामने 90 होतात. गेल्या आठवड्यात यांपैकी एका क्लबने लेखी पत्र देऊन उरलेल्या हंगामातून माघार घेतली. कारण नेहमीचेच आहे. चार-पाच खेळाडू नोकरीनिमित्त बाहेरगावी गेले, दोघे जायबंदी झाले आणि शेवटच्या सामन्याला कसेबसे नऊ जण जमले. त्या दिवशी गोलरक्षकच न आल्याने त्यांच्या मधल्या बचावपटूने हातमोजे चढवले होते आणि प्रतिस्पर्ध्यांनी आठ गोल केले. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. पत्र पाठवण्याची सभ्यता त्यांनी दाखवली, याआधीचे एक-दोन क्लब तर नुसते मैदानावर यायचे थांबले होते.

अडचण गुणतक्त्याची आहे. या क्लबचे 10 सामने झाले आहेत. प्रत्येक क्लब त्यांच्याशी एकदा खेळला आहे, फक्त ‘ब’ क्लब दोनदा खेळला आहे आणि त्याने दोन्ही सामने जिंकले आहेत (2-1 आणि वर सांगितलेला 8-0). ‘अ’ क्लब मात्र त्यांच्याकडून अनपेक्षितपणे हरला होता, आणि ‘अ’चा हंगामातला तो एकमेव पराभव आहे. आज ‘ब’चे 12 सामन्यांत 26 गुण आहेत आणि ‘अ’चे 11 सामन्यांत 24. तळाशी ‘क’चे 11 सामन्यांत 5 गुण आहेत, त्यांपैकी तीन याच क्लबविरुद्ध मिळालेले, ‘ड’चे 11 सामन्यांत 4 गुण आहेत आणि तो या क्लबाकडून हरला होता. हंगामाअखेर दोन क्लब खालच्या गटात जातात.

आमच्या नियमावलीत एखाद्या सामन्याला संघ आला नाही तर समोरच्याला 3-0 असा विजय द्यावा, एवढेच लिहिलेले आहे. क्लबने लीगच सोडली तर काय करायचे, याबद्दल एक अक्षरही नाही. शेवटी एक मोघम कलम आहे: ज्या बाबींची तरतूद नाही त्यांबाबत कार्यकारिणीचा निर्णय अंतिम राहील. कार्यकारिणीत सात जण आहेत आणि त्यांतले तिघे अनुक्रमे ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ या क्लबांचे पदाधिकारी आहेत. शनिवारी बैठक आहे. अशा वेळी इतरत्र काय करतात आणि आम्ही काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर 1 : गोलफरक

मी बरीच वर्षे एका लीगच्या स्पर्धा समितीत काम केले आहे आणि या प्रश्नाला दोनदा सामोरा गेलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला, त्या क्लबचे सर्व निकाल रद्द करून नऊ क्लबांचा तक्ता नव्याने मांडणे. दुसरा, झालेले निकाल कायम ठेवून उरलेले सर्व सामने प्रतिस्पर्ध्यांना 3-0 ने बहाल करणे. तिसरा, पहिल्या फेरीतले निकाल ठेवणे आणि परतीच्या फेरीतले, झालेले असोत वा न झालेले, सोडून देणे. तुमचे आकडे तिन्ही मार्गांनी मांडून पाहिले. पहिल्या मार्गाने ‘अ’ 24 आणि ‘ब’ 20, दोघांचेही 10 सामने. तळाला ‘ड’ 4 आणि ‘क’ 2. दुसऱ्या मार्गाने ‘अ’ 27, ‘ब’ 26, आणि खाली ‘क’ 8, ‘ड’ 7. तिसऱ्या मार्गाने ‘अ’ 24, ‘ब’ 23, ‘क’ 5, ‘ड’ 4. म्हणजे कोणताही मार्ग घेतला तरी वर ‘अ’च आघाडीवर येतो, फक्त अंतर कमी-जास्त होते. तळाचा क्रम मात्र एकाच मार्गाने उलटतो, आणि तो म्हणजे सगळे पुसून टाकण्याचा. वादाची खरी जागा वर नसून खाली आहे, हे बैठकीआधी ध्यानात घ्या, कारण बैठकीत आवाज वरच्यांचाच मोठा असणार.

इंग्लंडमध्ये निकाल पुसण्याची परंपरा जुनी आहे. 1931 च्या ऑक्टोबरमध्ये विगन बरो या क्लबने 12 सामन्यांनंतर फुटबॉल लीगचा राजीनामा दिला आणि त्यांचे सर्व निकाल रद्द झाले. 1962 च्या मार्चमध्ये अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनलीचे 33 सामने झाले होते आणि 1992 च्या मार्चमध्ये ऑल्डरशॉटचे 36, म्हणजे हंगाम जवळजवळ संपत आला होता, तरीही दोन्ही वेळा सगळेच निकाल पुसले गेले. याउलट 1919 मध्ये लीड्स सिटीला खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याच्या आरोपावरून लीगने काढून टाकले, तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या पोर्ट व्हेलने त्यांचे आठ सामन्यांचे गुण जसेच्या तसे स्वीकारून उरलेला हंगाम खेळला. हा चौथा मार्ग म्हणता येईल, पण त्यासाठी दाराशी एखादा तयार क्लब उभा असावा लागतो.

पुसण्याचा फटका कसा बसतो याचे अलीकडचे उदाहरण आशियातले आहे. 2022 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून उत्तर कोरियाने 2021 च्या मे महिन्यात माघार घेतली आणि त्यांच्या गटातील त्यांचे सर्व निकाल रद्द झाले. तुर्कमेनिस्तानने त्यांना 3-1 असे हरवले होते, ते तीन गुण गेले. लेबनॉन त्यांच्याशी एकदा हरला होता आणि एकदा बरोबरीत राहिला होता, म्हणून त्यांचा एकच गुण गेला. शेवटी लेबनॉन 10 गुणांसह दुसरा आला आणि तुर्कमेनिस्तान 9 गुणांसह तिसरा. लेबनॉनने काहीही गैर केले नव्हते आणि नियमही सर्वांना सारखाच लावला गेला होता. पण ज्याने चांगली कामगिरी केली त्याचे अधिक गेले आणि ज्याने वाईट केली त्याचे कमी, हे काही कुणाला नाकारता येणार नाही.

म्हणूनच बऱ्याच लीग आपल्या नियमावलीत एक मर्यादा घालून ठेवतात: माघारीपूर्वी ठरावीक हिश्शाहून कमी सामने झाले असतील तर सगळे पुसायचे, अधिक झाले असतील तर ठेवायचे. कुणी निम्मे धरतो, कुणी तीन चतुर्थांश. इटलीच्या महासंघाच्या नियमांत बराच काळ पहिली फेरी आणि परतीची फेरी असा भेद होता: पहिल्या फेरीत माघार घेतली तर निकाल रद्द, परतीच्या फेरीत घेतली तर उरलेले सामने 3-0. तुमची पंचाईत अशी की 18 पैकी 10 हा आकडा निम्म्याच्या जेमतेम वर आणि तीन चतुर्थांशाच्या बराच खाली आहे. आता कोणतीही मर्यादा निवडली तरी ती उत्तर पाहून निवडल्यासारखी दिसेल.

माझे मत तिसऱ्या मार्गाकडे झुकते. सर्व नऊ क्लब त्या संघाशी एकेकदा खेळले आहेत, ते नऊ सामने खरे आहेत, ते घाम गाळून जिंकले किंवा हरले गेले आहेत, आणि प्रत्येकाला समान संधी देणारे आहेत. दहावा सामना, ज्यात मधल्या बचावपटूने हातमोजे घातले होते, तो एकट्या ‘ब’च्या वाट्याला आला. दुसऱ्या मार्गाने गेल्यास ‘ब’ला त्या दिवसाचे आठ गोल मिळतात आणि ‘अ’ला कागदावरचे तीन, गुण समान झाले आणि गोलफरकावर जेतेपद ठरले तर तुम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

उत्तर 2 : जुनी_शिट्टी

पंच म्हणून काम केलेल्या माणसाच्या नजरेतून दोन गोष्टी जोडतो, कारण गुणांच्या गोंधळात त्या हमखास विसरल्या जातात.

पहिली गोष्ट कार्डांची. निकाल रद्द झाला म्हणून त्या सामन्यातले लाल कार्ड रद्द होत नाही. सामना खेळला गेला होता, पंच होता, अहवाल आहे. एखाद्याने प्रतिस्पर्ध्याच्या घोट्यावर पाय दिला असेल तर तो दिलेलाच आहे. त्याच न्यायाने, ज्या खेळाडूने आपली एका सामन्याची बंदी या क्लबविरुद्धच्या सामन्यात बाहेर बसून भोगली, त्याला ती पुन्हा भोगायला लावू नये. पुसला जातो तो निकाल, वर्तन आणि शिक्षा पुसली जात नाही, असे एक वाक्य ठरावात स्पष्ट घाला. सर्वाधिक गोल करणाऱ्याला आपल्याकडे चषक दिला जात असेल, तर त्या आठ गोलांचे काय, हेही त्याच बैठकीत ठरवा. मी एकदा अशा चषकावरून दोन सख्ख्या मित्रांना वर्षभर अबोला धरलेला पाहिला आहे.

दुसरी गोष्ट 3-0 या आकड्याची. संघ न आल्यास 3-0 हा संकेत फिफाच्या शिस्तविषयक नियमांतही आहे, पण तिथे अशीही तरतूद आहे की दोषी संघ मैदानावर त्याहून मोठ्या फरकाने हरला असेल तर तो मोठा फरकच कायम राहतो. तेव्हा 8-0 चे 3-0 करून मधला मार्ग काढू, असे कुणी सुचवले तर त्याला आधार नाही. तसेच नऊ खेळाडूंचा संघ हा नियमाने पूर्णपणे वैध संघ आहे. खेळाच्या नियमांनुसार सातपेक्षा कमी खेळाडू असतील तरच सामना सुरू करता येत नाही किंवा पुढे चालू ठेवता येत नाही. तो सामना केविलवाणा होता म्हणून बाद ठरवता येणार नाही. बाद करायचाच असेल तर तो परतीच्या फेरीतला आहे एवढ्याच कारणाने करा आणि ठरावात तेवढेच कारण लिहा.

उत्तर 3 : तळाचा_बचावपटू

गोलफरक यांचे विवेचन पटले, तरी मला पहिला मार्गच योग्य वाटतो, आणि मी तळाच्या क्लबात अनेक हंगाम काढले असल्याने हे जरा जड मनाने लिहितो.

जो संघ हंगाम पूर्ण करत नाही तो त्या स्पर्धेचा भागच नव्हता, असे मानणे सर्वांत स्वच्छ आहे. ‘एकेकदा सगळे खेळले म्हणजे समान संधी’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे. कुणी त्यांच्याशी हंगामाच्या सुरुवातीला, पूर्ण ताकदीच्या संघाविरुद्ध खेळले, आणि कुणी शेवटी, जेव्हा त्यांचे चार-पाच खेळाडू निघून गेले होते. कुणी आपल्या मैदानावर खेळले, कुणी त्यांच्या. दोन फेऱ्यांची साखळी असते ती हाच फरक भरून काढण्यासाठी. ‘क’ने त्यांना नेमके केव्हा हरवले, हे प्रश्नकर्त्यांनी सांगितलेले नाही, ते शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत असेल तर त्या तीन गुणांवर ‘ड’ला खाली पाठवणे मला अवघड जाईल.

दुसरा मुद्दा. दोन क्लब खाली जातात असे आपण लिहिले आहे. माघार घेणारा क्लब तक्त्यात शेवटचा धरला जातो आणि खाली जाणाऱ्या दोघांपैकी एक तोच असतो, असा संकेत बहुतेक ठिकाणी आहे. तो इथे लागू केला तर ‘क’ आणि ‘ड’ यांच्यापैकी एकच खाली जाईल आणि वर म्हटल्याप्रमाणे मार्ग कोणता यावर तो कोण हे ठरेल. पण हा संकेतही आपल्या नियमावलीत नसणार. तेव्हा गुणांचा ठराव आणि खाली जाण्याचा ठराव हे एकाच वेळी, एकाच कागदावर करा. आधी गुण ठरवून खाली जाण्याचा विषय पुढच्या बैठकीवर ढकललात, तर पुढच्या बैठकीला तक्ता हातात घेऊनच सगळे येतील.

उत्तर 4 : गोलफरक

तळाचा_बचावपटू यांचा वेळेबाबतचा आक्षेप रास्त आहे आणि माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. फक्त एवढेच म्हणेन की संघ दुबळा केव्हा होता आणि बळकट केव्हा होता याचा हिशेब करायला बसलो, तर माघार न घेतलेल्या क्लबांचेही निम्मे सामने संशयास्पद ठरतील. हौशी फुटबॉलमध्ये परीक्षा, लग्नसराई आणि रात्रपाळी यांमुळे कुणाचाच संघ दोन आठवडे सारखा राहत नाही.

पुसण्याच्या बाजूने जे बोलतात त्यांनी जर्सी बुल्सचे उदाहरण आठवावे. 2019-20 च्या हंगामात इंग्लंडमधल्या एका विभागीय लीगमध्ये या क्लबने खेळलेले सर्व 27 सामने जिंकले होते. साथीमुळे त्या पातळीवरचे सर्व निकाल रद्द झाले आणि त्यांच्या हाती काहीही उरले नाही. तिथे अख्खा हंगामच रद्द झाला, म्हणून प्रकरण वेगळे आहे, हे मान्य. पण ‘पुसणे म्हणजे सर्वांना समान’ या कल्पनेत काय दडलेले असते ते त्यातून दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे. माझ्या मते आपल्यापुढची मोठी अडचण कार्यकारिणीची आहे. तिघांनी बाजूला बसावे हे उघड आहे. पण सातांपैकी तीन गेले तर चार उरतात. आपल्या घटनेत गणसंख्या किती आहे?

साखळी_चिटणीस

गणसंख्या पाच आहे. म्हणजे तिघे बाजूला बसले की बैठकच होऊ शकत नाही, हे मला आपल्या प्रश्नानंतर प्रथमच उमगले.

‘क’चा विजय तिसऱ्या आठवड्यातला आहे. त्या वेळी तो संघ पूर्ण ताकदीचा होता. ‘अ’ला त्यांनी हरवले ते पाचव्या आठवड्यात.

उत्तर 5 : जुनी_शिट्टी

मग शनिवारी गुणांचा निर्णय घेऊच नका. त्या बैठकीत एवढाच ठराव करा की हा विषय तीन तटस्थ व्यक्तींच्या समितीकडे सोपवला जात आहे. या तिघांचा कोणत्याही संलग्न क्लबाशी संबंध नसावा. जिल्हा संघटनेचा एखादा पदाधिकारी, एखादा निवृत्त पंच, असे कुणी चालतील. अशा ठरावाला ‘अ’, ‘ब’, ‘क’चे प्रतिनिधीही बसू शकतात, कारण त्यात कुणाचा गुण येत नाही की जात नाही. आणि समितीचा निर्णय येण्यापूर्वी नऊही क्लबांकडून लेखी संमती घ्या की जो निर्णय होईल तो बंधनकारक राहील. निर्णय झाल्यावर सही मागायला गेलात तर दारे बंद असतील.

उत्तर 6 : नोंदणी_वही

माघार घेतलेल्या क्लबच्या खेळाडूंचे काय, हा विषय कुणी काढला नाही. त्यांच्यातले निदान दहा-बारा जण अजून खेळू इच्छित असतील. क्लब सुटला म्हणून त्यांचा हंगाम बुडू नये, यासाठी त्यांना मुक्त करून दुसऱ्या क्लबाकडे नोंदणी करण्याची मुभा द्यावी, पण दोन अटी घालाव्यात. एका क्लबाला दोनपेक्षा अधिक खेळाडू घेता येऊ नयेत, नाहीतर ज्या संघाने ‘अ’ला हरवले त्याची अख्खी मधली फळी ‘ब’कडे दिसेल. आणि नोंदणीची मुदत एका आठवड्याची असावी, म्हणजे शेवटच्या दोन सामन्यांसाठी कुणी खेळाडू राखून ठेवणार नाही. एखाद्या खेळाडूवर क्लबची वर्गणी किंवा गणवेश थकीत असेल तर तो क्लबचा आणि त्याचा आपसातला व्यवहार आहे. त्यासाठी ना-हरकत पत्र अडवून धरण्याची परवानगी देऊ नका.

त्या क्लबने भरलेली अनामत रक्कम नियमाप्रमाणे जप्त होत असेल, तर ती लीगच्या तिजोरीत न टाकता, ज्या क्लबांचा आपल्या मैदानावरचा सामना बुडाला त्यांच्यात वाटावी. मैदानाचे भाडे काहींनी आगाऊ भरलेले असते.

साखळी_चिटणीस

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारची बैठक झाली. समिती नेमण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला आणि आठ क्लबांनी त्याच दिवशी संमतिपत्र दिले. ‘ब’ने दोन दिवसांनी, थोड्या कुरबुरीनंतर दिले. समितीने आज निर्णय कळवला. पहिल्या फेरीतले नऊ निकाल कायम, परतीच्या फेरीतला एकमेव सामना आणि उरलेले सर्व सामने रद्द, कार्डे व बंदी कायम, माघार घेतलेला क्लब तक्त्यात शेवटचा, आणि त्याच्याखेरीज आणखी एकच क्लब खाली जाणार. खेळाडूंच्या नोंदणीच्या दोन्ही अटीही त्यांनी जशाच्या तशा घेतल्या आहेत. म्हणजे आता प्रत्येकाचे हंगामाअखेर 17 सामने होतील. गोल करणाऱ्याच्या चषकाबाबत समितीने त्या आठ गोलांना वगळले असून त्यांतले चार ज्याचे होते तो खेळाडू माझ्या शेजारच्या इमारतीत राहतो.

वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे नियमावलीत नवे कलम मांडणार आहे: माघार पहिल्या फेरीत झाली तर सर्व निकाल रद्द, परतीच्या फेरीत झाली तर पहिल्या फेरीचे निकाल कायम. मसुदा तयार झाला की इथे टाकतो.

उत्तर 7 : तळाचा_बचावपटू

तिसऱ्या आठवड्याचा विजय असेल तर माझा आक्षेप मी मागे घेतो.

वेळापत्रकाकडे मात्र लगेच पाहा. आता दर फेरीत एक क्लब मोकळा राहील आणि शेवटच्या फेरीत ज्याला त्या क्लबाशी खेळायचे होते, त्याचा हंगाम इतरांच्या आधी एक आठवडा संपेल. तो ‘क’ किंवा ‘ड’ असेल तर दुसऱ्याला नेमके किती गुण हवेत हे ठाऊक असताना तो मैदानात उतरेल. शेवटच्या दोन फेऱ्यांची अदलाबदल करून मधल्या स्थानावरच्या एखाद्या क्लबाला तो मोकळा आठवडा देता येतो का ते बघा, आणि करायचे असेल तर पुढचा सामना होण्यापूर्वी करा.